गरोदरपणातल्या ‘त्या’ गोळीचं मूळ मुंबईत आहे, ब्रेडला लावायच्या मार्माइटमध्ये!

घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टर किंवा आशाताई एक गोळी हमखास देतात. फॉलिक ॲसिडची. या गोळीची गोष्ट सुरू होते जवळपास शंभर वर्षांपूर्वी, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. आणि तिची नायिका आहे डॉ. ल्यूसी विल्स.

ल्यूसी यांचा जन्म 10 मे 1888 चा, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतीशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, 1911 मध्ये परीक्षाही पास झाल्या. पण पदवी मिळाली नाही. कारण काय, तर त्या बाई होत्या. केंब्रिज बायकांना पदवी द्यायला लागलं थेट 1948 मध्ये! पुढे लंडनमध्ये मेडिकलचं शिक्षण घेऊन 1920 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

1928 मध्ये त्या मुंबईत आल्या. इथे गरोदर बायका एका विचित्र ॲनिमियाने दगावत होत्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांचं प्रमाण त्यात मोठं होतं. या आजारात रक्तातल्या लाल पेशी नेहमीपेक्षा मोठ्या व्हायच्या, पण त्यांची संख्या घटायची.

जंतू सापडेना. मग ल्यूसी यांनी बायकांच्या ताटात डोकावलं. हा आजार गरीब, त्यातही मुस्लीम बायकांमध्ये जास्त दिसत होता. त्यांच्या जेवणात फळं, भाज्या, दूध फारच कमी होतं. सुखवस्तू घरांत मात्र तो क्वचितच आढळायचा.

त्यांनी उंदरांना तसंच जेवण दिलं. उंदरांनाही ॲनिमिया झाला. जेवणात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. पुढचे प्रयोग माकडांवर झाले. त्यातल्या एका आजारी माकडाला मार्माइट दिलं आणि ते बरं झालं. मार्माइट म्हणजे दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून बनणारा, ब्रेडला लावायचा स्वस्त पदार्थ.

मग तेच मार्माइट रुग्ण बायकांना दिलं. त्या झपाट्याने सुधारल्या. 1931 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. यीस्टमध्ये नेमकं काय होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. 1941 मध्ये शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला. तोच फॉलिक ॲसिड.

नवीन पेशी तयार होताना डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. ते कमी पडलं की लाल पेशी वाढतात, पण त्यांचं विभाजन नीट होत नाही. गरोदरपणात बाळही वाढत असतं, त्यामुळे ही गरज आणखी वाढते. गरोदर राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर बाळाच्या मेंदू आणि मणक्यातले गंभीर जन्मदोष बऱ्याच प्रमाणात टळतात, हे 1991 मध्ये एका मोठ्या चाचणीत सिद्ध झालं.

ते पाहायला ल्यूसी नव्हत्या. 1964 मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

आज ती गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिच्यामागे ल्यूसी विल्स आहेत, आणि ज्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत अशा मुंबईच्या गरीब बायकाही आहेत.