व्हिल्हेल्म मायबाख

व्हिल्हेल्म मायबाख (९ फेब्रुवारी, इ.स. १८४६, हाइलब्रॉन, जर्मनी – २९ डिसेंबर, इ.स. १९२९; श्टुटगार्ट, जर्मनी) हे जर्मन अभियंते आणि आद्य मोटार-रचनाकार होते. गोटलीब डाइमलर यांचे ते आयुष्यभराचे सहकारी होते. फवारा पद्धतीचा कार्ब्युरेटर, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर आणि पहिली मर्सिडीज मोटार ही त्यांची प्रमुख कामे होत. मोटारीचे इंजिन तापू न देता सतत चालते ठेवण्याच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर पुढील अनेक दशके आदर्श ठरले.

बालपण आणि शिक्षण

मायबाख यांचे वडील सुतारकाम करीत. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील या दोघांचेही छत्र हरपले. रॉइटलिंगेन येथे गुस्टाफ व्हेर्नर यांनी चालविलेल्या अनाथाश्रमात त्यांचा सांभाळ झाला. आश्रमाला जोडलेल्या यंत्रशाळेत ते आरेखनाचे काम शिकले. इ.स. १८६३ मध्ये डाइमलर तेथे कार्यशाळेचे प्रमुख म्हणून आले. आपल्याहून बारा वर्षांनी लहान असलेल्या या मुलाची हुशारी त्यांनी हेरली आणि पुढे ते जेथे जेथे गेले, तेथे मायबाख त्यांच्यासोबत राहिले.

डाइमलर यांच्यासह कार्य

कार्ल्सरूह येथील यंत्रकारखान्यातून हे दोघे इ.स. १८७२ मध्ये डॉइट्झ येथील इंजिन कारखान्यात गेले. तेथे मायबाख आरेखन विभागाचे प्रमुख झाले. निकोलाउस ऑटो यांच्या चार-धावी इंजिनाचे उत्पादनयोग्य रूप सिद्ध करण्यात त्यांचा वाटा होता. इ.स. १८८२ मध्ये डाइमलर यांनी तो कारखाना सोडला. कानश्टाट येथील त्यांच्या घराच्या बागेत छोटी कार्यशाळा उभी राहिली. हलके, वेगाने फिरणारे पेट्रोल इंजिन तेथे तयार झाले. ते इ.स. १८८५ मध्ये दुचाकीवर आणि इ.स. १८८६ मध्ये चारचाकी गाडीवर बसविण्यात आले.

इ.स. १८९० मध्ये डाइमलर कंपनी स्थापन झाली. परंतु अटी मान्य नसल्याने मायबाख पुढच्याच वर्षी तिच्यातून बाहेर पडले. डाइमलर यांच्या पाठबळावर त्यांनी कानश्टाटमधील बंद पडलेल्या एका हॉटेलात स्वतंत्र प्रयोग सुरू ठेवले. इंधन बारीक फवाऱ्याने हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर याच काळात, इ.स. १८९३ च्या सुमारास, आकाराला आला. इ.स. १८९५ मध्ये दोघेही कंपनीत परतले.

शीतकरणाचा प्रश्न

सुरुवातीच्या मोटारींत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि ते वारंवार भरावे लागे. पॅरिसच्या इ.स. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनात मांडलेल्या गाडीत मायबाख यांनी सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी खेळविले होते. इंजिनाची शक्ती वाढत गेली, तसा हा उपाय अपुरा पडू लागला. बरेच पाणी सोबत वाहून न्यावे, तर गाडीचे वजन वाढे.

इ.स. १८९७ मध्ये त्यांनी नळ्यांचा रेडिएटर आणि त्याला वारा देणारा पंखा अशी योजना केली. त्यानंतर मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर आला. त्यात प्रत्येकी सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडलेल्या होत्या. नळ्यांतून हवा जाई आणि त्यांच्यामधील फटींतून पाणी फिरे. पाण्याचा हवेशी येणारा संपर्क कितीतरी वाढल्यामुळे अवघे नऊ लिटर पाणी पुरू लागले. गाडी संथ चालत असताना समोरून पुरेसा वारा मिळत नाही. ती उणीव रेडिएटरच्या मागील पंखा भरून काढी.

हा रेडिएटर ३५ अश्वशक्तीच्या नव्या मोटारीत बसविण्यात आला. व्यापारी एमिल येलिनेक यांनी अशा ३६ गाड्यांची मागणी नोंदविली होती. त्यांच्या कन्येच्या नावावरून गाडीला मर्सिडीज हे नाव मिळाले. मार्च, इ.स. १९०१ मध्ये फ्रान्समधील नीस येथील शर्यतींत या मोटारीने इतरांना मागे टाकले. डाइमलर मात्र हे यश पाहू शकले नाहीत. ६ मार्च, इ.स. १९०० रोजी त्यांचे निधन झाले होते.

उत्तरायुष्य

डाइमलर यांच्या पश्चात कंपनीतील मायबाख यांचे स्थान हळूहळू दुय्यम होत गेले आणि इ.स. १९०७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. इ.स. १९०९ मध्ये झेपेलिन हवाई जहाजांसाठी इंजिने बनविणारा कारखाना सुरू झाला. त्याची धुरा त्यांचे पुत्र कार्ल यांनी सांभाळली. मायबाख नावाच्या आलिशान मोटारी पुढे याच कारखान्यातून निघाल्या. श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने इ.स. १९१६ मध्ये मायबाख यांना मानद डॉक्टरेट दिली. कानश्टाट येथील दफनभूमीत, डाइमलर यांच्या जवळच, त्यांना चिरविश्रांती मिळाली.

वारसा

रेडिएटर आणि त्यामागे पंखा ही मांडणी पुढे मोटारींत सर्वत्र रूढ झाली. पट्ट्याने इंजिनाला जोडलेला पंखा इंजिन मंद चालताच मंदावतो. म्हणून जुन्या मोटारी गर्दीत उभ्या राहिल्या की तापतात. या कारणाने अशा गाड्यांना पूरक विजेचा पंखा जोडला जातो. ठरावीक तापमानाला तो सुरू होतो का आणि गाडी उभी असताना पाण्याचे तापमान स्थिर राहते का, हे त्याच्या चाचणीत पाहतात. पंखा चालविणारी शक्ती बदलली, तरी उभ्या गाडीला वारा पुरविण्याचे त्याचे काम मायबाख यांच्या काळापासून तेच राहिले आहे.