थॉमस कँडी

मेजर थॉमस कँडी (१३ डिसेंबर १८०४, ईस्ट नॉइल, इंग्लंड – २६ फेब्रुवारी १८७७, महाबळेश्वर) हे मराठीचे इंग्रज अभ्यासक, कोशकार, भाषांतरकार आणि शिक्षणाधिकारी होते. मोल्सवर्थ यांच्या शब्दकोशांतील सहभाग आणि मराठी लेखनात विरामचिन्हांचा पद्धतशीर प्रसार या दोन कामांसाठी ते ओळखले जातात.

जीवन

ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर १८२२ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भारतात आले. त्यांच्याकडे दुभाष्याचेही काम होते. जेम्स मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोशाचे काम हाती घेतले, तेव्हा थॉमस आणि त्यांचे जुळे बंधू जॉर्ज यांना साहाय्यक म्हणून घेतले. जॉर्ज पुढे धर्मोपदेशक झाले. थॉमस मात्र अखेरपर्यंत मराठीतच रमले. हा कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या इंग्रजी-मराठी कोशाचे काम चालू असताना प्रकृती बिघडल्याने मोल्सवर्थ १८३६ मध्ये मायदेशी परतले. ते अर्धवट राहिलेले काम कँडी यांनी पुरे केले व कोश १८४७ मध्ये छापला गेला. मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीतही त्यांचे साहाय्य होते. पहिल्या आवृत्तीतील सुमारे ४०,००० शब्दांची संख्या या आवृत्तीत सुमारे ६०,००० झाली.

१८३७ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे आली. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढे कँडी सरकारचे मराठी भाषांतरकार झाले.

विरामचिन्हे

कँडी यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीचे मराठी लेखन कसे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. पोथ्यांत दंड असे, पद्याला तेवढा पुरे. व्यवहारातले लेखन मोडीत होई. मोडीत शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती, मग वाक्याच्या आत थांबण्याची खूण कोठून येणार? वाचणारा कारकून सरावाने अर्थ लावी. परंतु छापील गद्य पुस्तक अनोळखी वाचकाच्या हाती जाते. शंका आली तर विचारायला लेखक जवळ नसतो. ‘तो येणार नाही आला तर कळवू’ हे वाक्य घ्यावे. ‘येणार’नंतर अर्धविराम दिला तर तो येणार हे ठरलेले, न आल्यास निरोप जाणार. हाच अर्धविराम ‘नाही’नंतर दिला की तो येणार नाही, आलाच तर निरोप. शब्द एकही बदललेला नाही. शाळेच्या वहीत अशी चूक क्षम्य ठरेल. करारपत्रात किंवा सरकारी हुकमात ती कोणाचे तरी नुकसान करील.

१८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ या पुस्तकात कँडी यांनी इंग्रजीतील ही चिन्हे मराठीसाठी समजावून दिली. शाळांच्या पुस्तकांतून ती मुलांच्या हातात गेली आणि तेथून सर्वत्र रुळली. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड राखला, मराठीने टिंब स्वीकारले.

शब्दांची निवड

‘नीतिज्ञानाची परिभाषा’ (१८४८), ‘भाषणसांप्रदायिक वाक्ये’ ही त्यांची अन्य पुस्तके. भारतीय दंडसंहितेचे मराठी भाषांतरही त्यांनी केले. कायद्याच्या भाषांतरात समानार्थी म्हणून कोणताही शब्द चालत नाही. चोरी, जबरी चोरी आणि दरोडा यांत शिक्षेचा फरक असतो, आणि एका गुन्ह्याला दिलेला शब्द शेवटच्या कलमापर्यंत तोच ठेवावा लागतो.

टीका

सरकारी पाठ्यपुस्तके कँडी यांच्या नजरेखालून जात व ते त्यांत दुरुस्त्या करीत. त्यामुळे एतद्देशीय शास्त्र्यांच्या मराठीवर अखेरचा हात इंग्रज गृहस्थाचा फिरू लागला. पुस्तकी भाषा एकसारखी झाली हा लाभ निर्विवाद आहे. परंतु प्रमाण कोणते हे सरकारी कचेरीने ठरवावे काय, हा प्रश्नही त्याबरोबरच आला. पुण्याच्या शिष्ट बोलीला मान मिळाला. कोकण, वऱ्हाड, खानदेश येथील मुलांना घरचे शब्द वहीत लिहिण्याची चोरी झाली. याचा सारा दोष एकट्या कँडींच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नाही.

कृष्णशास्त्र्यांचे पुत्र विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करून इंग्रजी वळणाच्या मराठीवर कठोर टीका केली. गंमत अशी की, विष्णुशास्त्र्यांची स्वतःची लांबलचक, पल्लेदार वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम काढून टाकले तर वाचणे कठीण होईल. निबंधमाला चालू असतानाच कँडी महाबळेश्वर येथे निवर्तले.