नांगराच्या फाळापासून इंजिनाच्या धुरीपर्यंत

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतीला यंत्राची सवय लावणाऱ्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यातील दृष्टिदोष आड आला. रंगांचा नाद सोडून त्यांनी यांत्रिक आरेखन आत्मसात केले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापनाची नोकरी धरली. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावला परतले.

बंधू रामचंद्रराव यांच्यासमवेत बेळगावात सायकलींचे दुकान होतेच. त्याच्या जोडीला कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर तयार झाला. मात्र लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल, ही समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. पहिले नांगर विकले जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. या काळात लक्ष्मणरावांनी माल स्वस्त करण्याऐवजी फाळ अधिक टणक, अधिक टिकाऊ कसा होईल याचा ध्यास घेतला.

व्यवसाय मार्गी लागत असतानाच बेळगाव नगरपालिकेने जागा रिकामी करण्यास सांगितले. या कठीण प्रसंगी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंगाने व्यापलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची आयात आटली, तेव्हा जुन्या तोफा वितळवून नांगर ओतण्यात आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यासाठी साह्य केले.

नांगरामागून पंप आले आणि पंपामागून इंजिन येणे क्रमप्राप्त होते. अमेरिकेतील एमआयटीतून १९२६ मध्ये पदवी घेतलेले पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

नांगराचा फाळ मातीशी झुंजतो. इंजिनाची धुरी मात्र धातूला टेकताच कामा नये. धुरी आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही बारीक फट असते आणि त्या फटीतील तेलाचा पापुद्रा सारा भार उचलतो. तेल फार पातळ असेल तर तापल्यावर पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला घासतो. फार दाट असेल तर थंडीच्या पहाटे ते वेळेवर पोहोचतच नाही. डब्यावरील २०डब्ल्यू-४० या खुणेत पहिला आकडा थंडीतील वर्तन सांगतो, तर दुसरा तापलेल्या तेलाचा दाटपणा. तेलदाबाचा काटा तेल किती आहे हे दाखवीत नाही, तर त्याच्या वाहण्याला किती विरोध होतो हे दाखवितो. म्हणूनच जास्त दाब म्हणजे उत्तम वंगण असे नव्हे. बेअरिंग झिजून फट रुंदावली की तेल निसटते आणि दाब उतरतो. अशा वेळी दाट तेल ओतल्यास काटा वर चढतो. झीज मात्र तशीच राहते. विहिरीवरच्या इंजिनापासून शर्यतीच्या मोटारीपर्यंत हा नियम समान आहे. शर्यतीच्या मोटारीत वेग आणि उष्णता जास्त, एवढाच फरक.

शेवटी तेलाचे यश कारखान्यात राखलेल्या फटीच्या अचूकतेवरच अवलंबून असते, आणि ओतकाम व घडणीतील ही काटेकोर शिस्त हेच लक्ष्मणरावांचे खरे भांडवल होते. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी वाडीत काम दिले, त्यांच्यावर पहाऱ्याची जबाबदारी टाकली. माणसाची पारख आणि मालाची पारख त्यांनी वेगळी मानली नाही.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. दोन वर्षे न विकल्या गेलेल्या नांगरावर ज्याने विश्वास ढळू दिला नाही, त्या कारागिराचा तो यथोचित गौरव होता.