गणेश दैवज्ञ: ५०० वर्षांपूर्वी ज्यांनी मॉडेल ‘हलकं’ केलं

आज पडेगावातला एखादा विद्यार्थी साध्या मोबाईलवर एआय मॉडेल चालवू शकतो, कारण त्यातले आकडे लहान करून घेतलेले असतात. पण अचूकता न गमावता हिशोब हलका करण्याचं हे काम आपल्याकडे संगणकाच्या फार आधी, कोकणात झालं होतं.

मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात साधारण १५०७ साली गणेश दैवज्ञांचा जन्म झाला. वडील केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिर्विद. त्यांनी वर्तवलेलं एक ग्रहण चुकलं, थट्टा झाली, मग गणपतीची आराधना केल्यावर हा मुलगा झाला, अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवू, पण ग्रहण चुकलं की ज्योतिषाची अब्रू जायची हे मात्र खरं.

त्या काळी अडचण होती आकड्यांची. एखाद्या दिवशी ग्रह कुठे आहे हे काढायचं तर आरंभापासूनचे दिवस मोजावे लागत. कलियुगापासून धरलं तर १५२० पर्यंत जवळपास १६ लाख ८८ हजार दिवस, आणि कल्पापासून धरलं तर आकडाच १२ अंकी! गुणाकार-भागाकार पाटीवर. एक अंक चुकला की सगळं मुसळ केरात.

शके १४४२ म्हणजे १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात गणेशांनी ११ वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र घेतलं. एका चक्रात ग्रह किती सरकतो ते आधीच काढून ठेवलं. मग पूर्ण झालेली चक्रं मोजायची आणि उरलेले दिवस धरायचे. ते चार अंकांच्या पुढे जातच नाहीत. आजच्या भाषेत हे प्रीकम्प्युटेशन.

खरी करामत पुढे आहे. सूर्य वर्षभर एकाच वेगाने सरकत नाही, म्हणून त्याच्या सरासरी जागेला दुरुस्ती लावावी लागते. ती काढायला ‘ज्या’ म्हणजे साइन लागतो. गणेशांनी तो काढूनच टाकला. समजा कोन ४५ अंश आहे. त्याला ९ ने भागा, ५ आले. ते २० मधून वजा करा, १५. दोन्हींचा गुणाकार ७५. आता ७५ ला ९ ने भागून आलेले ८.३३ हे ५७ मधून वजा करा, ४८.६७ उरले. ७५ ला त्याने भागा: १.५४ अंश. साइन वापरूनही १.५४ च येतं. १८ अंशांना करून बघा, फरक साधारण २१ विकलांचा पडतो. म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा सुमारे नव्वदावा भाग, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. (साइनसाठी असं सूत्र ७ व्या शतकात पहिल्या भास्कराने दिलं होतं, गणेशांनी सगळं गणितच त्या पद्धतीवर उभं केलं.)

डोळ्यांना दिसतील अशा चुका मात्र त्यांनी खपवून घेतल्या नाहीत. कुठल्याही एका परंपरेला चिकटून न राहता, आकाशाशी जे जुळेल ते घेतलं: चंद्र सौर पक्षाचा, पण ९ कला वजा करून, शनी आर्य पक्षाचा, पण ५ अंश मिळवून. मला हाच भाग सूत्रापेक्षा मोठा वाटतो. वेग सूत्रातून आला, अचूकता वेधातून.

पुढे १५२५ साली तिथी काढण्यासाठी त्यांनी ‘तिथिचिंतामणी’ची कोष्टकं केली, १५४५ साली ‘लीलावती’वर टीका लिहिली. गोदाकाठच्या गोलग्रामचे दिवाकर त्यांचे शिष्य. दिवाकरांचे पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ‘ग्रहलाघवा’वर टीका लिहिल्या. पंचांगकर्त्यांना तर हा ग्रंथ इतका सोयीचा पडला की महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या पंचांगं त्याच्यावरच निघाली.

आणि तिथेच घोळ झाला. ठरवलेले आकडे काळाबरोबर सरकतात, म्हणून पुढच्या गणकांनी वेध घेऊन ते सुधारत राहावे, असं केशव दैवज्ञांनी लिहून ठेवलं होतं. बहुतेकांनी सूत्र घेतलं, वेध सोडले. १९ व्या शतकात पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळेनात, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ नव्याने तयार केली.