धूर वेचणारी वीज

उभी हयात बँकेत गेली. त्यामुळे हातची लक्ष्मी कुणी राजीखुशीने दुसऱ्याच्या स्वाधीन केली, की माझं कुतूहल चाळवतं. फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल हा तसा माणूस.

जन्म १८७७चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. १९०२ मध्ये जर्मनीत डॉक्टरेट मिळवून तो बर्कलेला शिकवू लागला. जवळच पिनोलच्या कारखान्यात सल्फ्युरिक आम्लाचं धुकं सुटत असे. ते पकडायचं कसं? इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉजने १८८५च्या सुमारास हाच घाट घातला होता. पण तेव्हाचं वीजयंत्र दुबळं पडलं. कॉट्रेलपाशी ट्रान्सफॉर्मर होता. तारेला हजारो व्होल्टचा दाब दिला, की तिच्याभोवतीची हवा मंद उजळते, तिच्यात विद्युतभारित कण सुटतात. ते धुराला चिकटतात आणि धूर समोरच्या पत्र्यावर जाऊन बसतो. एकदा अंधारून आलं असताना त्याला दिसलं, की सुती वेष्टणाची तार जांभळी चमकते आहे. उघड्या धातूपेक्षा सुताच्या बारीक तंतूंमधून वीज अधिक सहज स्रवत होती! आपण असा धागा कापून फेकला असता.

१९०८ मध्ये पेटंट मिळालं. रिव्हरसाइडच्या सिमेंट कारखान्याची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसे, बागायतदार कोर्टात गेले होते; तिथेही यंत्र बसलं. आता पैसा दारात उभा होता. आणि नेमकं तेव्हा कॉट्रेलने आपल्या पेटंटचे बहुतेक हक्क देऊन टाकले. त्यांतून १९१२ मध्ये न्यू यॉर्कला रिसर्च कॉर्पोरेशन ही संस्था उभी राहिली: नफा कुणाच्या खिशात नाही, सगळा संशोधनाला. स्वतः हा गृहस्थ सरकारी खाण खात्यात पगारावर राबत राहिला. ठेव मोडायची नाही, व्याज मात्र परक्यांना वाटायचं, असा हा हिशेब मला तरी कोणत्या खातेवहीत सापडला नव्हता. त्या पैशातून रॉबर्ट गॉडर्डच्या अग्निबाणांना आणि अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनला हातभार लागला.

एक उणीव सांगायलाच हवी. हे यंत्र कण पकडतं, वायू नव्हे. सल्फर डायऑक्साइड त्यातून खुशाल निसटतो.

नोव्हेंबर १९४८ मध्ये बर्कलेलाच, विज्ञान अकादमीच्या सभेत बसलेला असताना कॉट्रेल गेला. आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत कोळशाची राख आजही त्याच युक्तीने पत्र्यांवर गोळा होते, आणि ठोके देऊन खाली पाडली जाते.