पंडिता रमाबाई व त्यांची उत्तरवयातील आकांक्षा

शिकण्याचे वय निघून गेले, लेकरेबाळे झाली, आता मनातले मनातच राहावयाचे, असे बोलणे खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पुष्कळ वेळा आमच्या कानी पडते. अशा बंधुभगिनींकरिता पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक भाग आम्ही येथे सांगत आहो.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते, आणि त्या मातेनेच रमाबाईंना शिकविले. हे कुटुंब तीर्थे करीत पायी हिंडत असे. पुढे दुष्काळात अन्नान्नदशा होऊन १८७४ साली आईबाप दोघेही वारले. बहीणभाऊ चालत चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची विद्या पाहून त्यांस पंडिता ही पदवी दिली. लौकरच भाऊ वारला. १८८० साली विवाह झाला, तोच १८८२ साली पतीही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली.

वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी, ही आशा मनी धरून रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांस ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. पुष्कळ जण अशा प्रसंगी कपाळाला हात लावून बसतात. रमाबाईंनी मात्र, एक दार लागले तर प्रभू दुसरे उघडील, असा भरवसा धरिला. १८८९ साली मुंबईस त्यांनी विधवांकरिता शारदासदन काढिले. ते पुढे पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या, आणि केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले.

या बायामुली पवित्र शास्त्र वाचू लागल्या, तेव्हा रमाबाईंच्या ध्यानी एक गोष्ट आली. त्या वेळच्या मराठी शास्त्रात संस्कृत शब्द फार असल्यामुळे साध्या बाईला अर्थाचा बोध नीट होत नसे. शिवाय कित्येक शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास होता. शेतात राबणारी बाई वाचील आणि तिला दुसऱ्या कोणी अर्थ सांगावा लागणार नाही, असे शास्त्र मराठीत व्हावे, ही आकांक्षा त्यांच्या मनात मुळावली.

त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. मुक्तिसदनात शेकडो जिवांच्या अन्नवस्त्राची काळजी होतीच. तरीही मूळ भाषांवाचून हे काम खरे होणार नाही असे जाणून त्यांनी इब्री व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. सहस्रावधी संस्कृत श्लोक ज्यांस मुखोद्गत होते, त्या पंडितेने पुन्हा विद्यार्थ्याप्रमाणे मुळाक्षरे गिरविली! आणि ही सर्व विद्या त्यांनी खर्च केली ती कशासाठी? आपले पांडित्य दाखविण्यासाठी नव्हे, तर सोपा शब्द सापडावा म्हणून. मुक्तिसदनाच्या छापखान्यात खिळे जुळविण्याचे व छपाईचे काम तेथील स्त्रियाच करीत. दुष्काळातून उचलून आणिलेल्या हातांनी देवाच्या वचनाची पाने छापावी, हे प्रभूचे केवढे कौतुक!

हे काम बहुत वर्षे चालले. शरीर थकत गेले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा, जी आपल्यामागे सर्व भार वाहील अशी आशा होती, तीही निवर्तली. त्या दुःखातही आईने लेखणी खाली ठेविली नाही. जुना व नवा असे दोन्ही करार पुरे झाले, आणि थोड्याच काळाने, ५ एप्रिल १९२२ रोजी, पंडिताबाई प्रभूमध्ये निजल्या.

हेही सांगितले पाहिजे की, आमच्या मंडळ्यांत त्यांचे भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचेच चालत राहिले. मग ते श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. एका स्त्रीने संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणिले, ही साक्ष कायमची राहिली. पेरणाऱ्याने विश्वासाने पेरावे. पीक किती यावे हे देणाऱ्याच्या हाती आहे.

तर वाचकहो, ज्या बहिणीस अक्षरे ओळखावयाची आहेत, तिने आज नातवाच्या पाटीवर पहिले अक्षर काढावे. ज्या उपदेशकबंधूच्या मनात एखादे काम वर्षानुवर्षे पडून आहे, त्याने ते प्रभूपुढे ठेवून आरंभ करावा. ती इच्छा केवळ आपल्या मोठेपणाची आहे, की तिच्यात शेजाऱ्याचेही हित आहे, एवढे मात्र प्रथम तपासून पाहावे. हित असेल, तर पिकल्या केसांची सबब पुढे करू नये.