मेकॅनिकलच्या डिग्रीपासून तारापूरपर्यंत : डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं. कुणी सहावीत, कुणी नववीत त्यांच्या नावाची बालवैज्ञानिक परीक्षा दिलेली असते. पुस्तकातल्या धड्यात ते ‘भारतीय अणुकार्यक्रमाचे जनक’ असतात आणि तिथेच विषय संपतो. पण पालघर-बोईसर पट्ट्यात शिकणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांची ओळख जरा वेगळ्या बाजूने करून घ्यायला हवी. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी उभं असलेलं तारापूर अणुवीज केंद्र हा भाभांनी देशासाठी केलेला एक सौदा होता. त्या सौद्यात फक्त वीज नव्हती. परराष्ट्र धोरण, मोठ्या देशांशी मैत्री आणि अणुबॉम्बचा धाक असा सगळा गुंता त्यात होता. तो समजून घ्यायचा तर भाभांचं आयुष्य सुरुवातीपासून पाहावं लागतं.

त्यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतला. घर पारशी, सुशिक्षित आणि श्रीमंत. वडील जहांगीर भाभा वकील, आणि आत्या मेहरबाई म्हणजे सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरच्यांचा बेत सरळ होता. होमीने केंब्रिजहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन यायचं आणि जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. त्याप्रमाणे १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे त्या काळात भौतिकशास्त्राची सगळी मांडामांड नव्याने चालली होती, डिरॅकसारखी माणसं शिकवत होती. होमीचं मन तिकडे ओढलं गेलं. त्याने वडिलांना कळवलं की मला इंजिनिअर व्हायचं नाही, फिजिक्स करायचंय.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्या सेमिस्टरनंतर घरी असाच फोन केलेला असतो! वडिलांनी नकार दिला नाही, पण अट घातली. आधी मेकॅनिकल फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण कर, मग पुढच्या शिक्षणाचा खर्च मी देतो. होमीने १९३० मध्ये ती अट पूर्ण केली, १९३२ मध्ये गणिताची ट्रायपॉसही फर्स्ट क्लासमध्ये काढली आणि मग फिजिक्सला लागला. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित त्यांनी मांडलं. ते आजही ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून शिकवलं जातं. १९३७ मध्ये हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत दिला. ती आधी घेतलेली मेकॅनिकलची डिग्री मात्र वाया गेली नाही. रिअ‍ॅक्टर बांधायची वेळ आली तेव्हा हा माणूस ड्रॉइंग आणि समीकरण दोन्ही वाचू शकत होता.

१९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युरोपात महायुद्ध पेटलं. परत जाणं झालं नाही. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या विभागात ते रुजू झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. बाहेर मोठी पदं मिळू शकली असती, पण इथेच राहून संस्था उभी करायची असं त्यांनी ठरवलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा असा की दोनेक दशकांत अणूपासून वीज मिळू लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून मागवावे लागू नयेत, ते घरातच तयार असावेत. हिरोशिमावर बॉम्ब पडायला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता! या पत्रातून १९४५ मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च उभी राहिली.

स्वातंत्र्यानंतर नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष. १९५४ मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र आणि अणुऊर्जा खातं आलं. खात्याचे सचिवही तेच आणि ते थेट पंतप्रधानांना जबाबदार. ४ ऑगस्ट १९५६ ला ‘अप्सरा’ सुरू झाली. रिअ‍ॅक्टर आपल्या लोकांनी बांधला, इंधन ब्रिटनचं. १९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल निघालं. दरवर्षी देशभरातून ताजे इंजिनिअर आणि सायन्स ग्रॅज्युएट निवडायचे आणि वर्षभर घासून तयार करायचे ही पद्धत तिथून पडली. आपले कितीतरी सीनियर त्याच दारातून आत गेले आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भाभा उघडपणे शांततेसाठी अणुशक्ती म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. १९५५ च्या जिनिव्हा परिषदेचे ते अध्यक्ष होते. पण त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे नियम ठरत असताना त्यांनी कडक तपासणीला जोरदार विरोध केला. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांची तपासणी नाही आणि गरीब देशांच्या प्रत्येक ग्रॅम इंधनावर पहारा, हे त्यांना मान्य नव्हतं. कॅनडाच्या मदतीने ट्रॉम्बेला ‘सायरस’ रिअ‍ॅक्टर झाला, तो १९६० मध्ये चालू झाला. त्यावर शांततेसाठी वापरू असं वचन होतं, तपासणी नव्हती. शेजारीच वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना १९६४ मध्ये तयार झाला. म्हणजे बॉम्ब करायचा निर्णय नाही, पण करायचा ठरलाच तर अडणार नाही, अशी ही तयारी होती.

आणि याच वर्षांत तारापूरचा सौदा झाला. मुंबई आणि गुजरात दोन्हीकडे विजेची भूक मोठी होती, कोळशाच्या खाणी लांब. थंड करायला समुद्राचं पाणी हवं, आणि महाराष्ट्र-गुजरात दोन्ही ग्रिडना जागा सोयीची हवी. तारापूर या हिशेबात बसलं. भाभांचा स्वतःचा आराखडा नैसर्गिक युरेनियम आणि पुढे थोरियम असा होता, म्हणजे बाहेरच्या इंधनावर अवलंबून न राहण्याचा. पण अणुवीज परवडते हे लवकर दाखवून द्यायचं होतं. म्हणून जागतिक निविदा काढून अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, समृद्ध युरेनियमवर चालणारे, २१० मेगावॅटचे दोन बॉयलिंग वॉटर रिअ‍ॅक्टर निवडले गेले. अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचं कर्ज अगदी नाममात्र व्याजाने दिलं. ऑगस्ट १९६३ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला. ३० वर्षं इंधन अमेरिकेकडूनच घ्यायचं, त्यांनी द्यायचं, आणि त्या इंधनावर तपासणी मान्य करायची. तपासणीला विरोध करणाऱ्या भाभांनी इथे ती स्वीकारली, पण हिशेबाने. इंधन तुमचं, तर पहारा त्या इंधनापुरता. ट्रॉम्बेकडे बघायचं नाही!

मधल्या काळात १९६२ चं चीनचं युद्ध होऊन गेलं होतं. १९६४ च्या सुरुवातीला उदयपूरला शास्त्रज्ञांची पगवॉश परिषद भरली. तिथे भाभांनी जो निबंध मांडला तो संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही वाचावा असा आहे. त्याचा आशय असा : अफाट लोकसंख्येचा चीनसारखा देश शेजाऱ्यांना कायम धोक्याचा वाटणार. लहान देशापुढे दोनच वाटा राहतात. एक तर बऱ्याच देशांनी मिळून एकमेकांच्या रक्षणाची हमी द्यायची, नाहीतर स्वतः अण्वस्त्रं बाळगायची. कारण पुरेशी अण्वस्त्रं असली तर कमजोर देशसुद्धा कितीतरी बलाढ्य देशाला रोखून धरू शकतो. याला पुस्तकी भाषेत ‘प्रतिरोध’ म्हणतात, साध्या भाषेत धाक. त्यात लढाई जिंकायची नसते, समोरच्याला हल्ला महाग पडेल एवढी खात्री पटवायची असते. आणि पहिला वार खाऊनही उलट मारा करण्याइतकी शस्त्रं शिल्लक राहिली तरच हा धाक टिकतो.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने अणुचाचणी केली. आठवड्याभरात, २४ तारखेला, भाभा आकाशवाणीवर बोलले. विषय निःशस्त्रीकरणाचा होता, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे. १० किलोटनचा एक बॉम्ब साडेसतरा लाख रुपयांत पडतो, असे ५० बॉम्ब १० कोटींच्या आत. देशभर चर्चा उसळली. एवढं स्वस्त असेल तर थांबलोय कशाला? पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गांधीवादी, त्यांचा विरोध होता. आणि इंजिनिअर म्हणून पाहिलं तर त्या आकड्यांत गडबडही होती. ते अमेरिकेने शांततेच्या कामांसाठीच्या स्फोटांकरिता सांगितलेल्या दरांवर बेतलेले होते. रिअ‍ॅक्टर, प्लुटोनियमचा कारखाना, बॉम्ब वाहून नेणारी विमानं, रडार, चाचण्या, यातलं काहीच त्यात धरलेलं नव्हतं. आपल्या प्रोजेक्टच्या एस्टिमेटमध्ये फक्त नट-बोल्टचा खर्च दाखवला तर गाईड काय म्हणतील ते आपल्याला माहीत आहे.

शास्त्रींनी दुसरी वाटही चाचपली. डिसेंबर १९६४ मध्ये लंडनला त्यांनी अण्वस्त्रधारी देशांनी इतरांना संरक्षणाची हमी द्यावी हा विषय काढला. पक्की हमी काही मिळाली नाही. तोवर संसदेत शांततेसाठीच्या स्फोटाला मर्यादित परवानगी देऊन झाली होती आणि भाभांच्या हाताखाली अभ्यास सुरू झाला. १९६५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये भाभांनी भारत दीड वर्षात स्फोट करू शकतो असं सांगितलं. प्रत्यक्षात त्याला ९ वर्षं लागली. तोही अंदाज कमीच होता.

११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदला शास्त्री गेले. २४ जानेवारीला, इंदिरा गांधींच्या शपथविधीच्या दिवशीच, व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या बोईंगसह माँट ब्लँक शिखरावर कोसळले. ११७ जण गेले. घातपाताच्या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात, पण तसा पुरावा पुढे आलेला नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. तारापूरची वीज त्यांनी पाहिलीच नाही, ती व्यापारी तत्त्वावर २८ ऑक्टोबर १९६९ ला सुरू झाली.

सौद्याचं बिल नंतर आलं. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला, त्यातलं प्लुटोनियम सायरसचं होतं. कॅनडाने मदत तोडली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला आणि तारापूरचं इंधन अडवलं. ३० वर्षांची लेखी हमी एका कायद्यापुढे टिकली नाही. मग १९८२ मध्ये फ्रान्स, पुढे चीन, नंतर रशिया असं दारोदार फिरून इंधन आणावं लागलं. ज्या चीनच्या धाकाने हे सगळं सुरू झालं, त्याच चीनने १९९५ मध्ये तारापूरला युरेनियम दिलं!

पण भाभांची दुसरी कमाईही इथेच दिसते. तारापूरचे ३ आणि ४ नंबरचे युनिट २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाले. प्रत्येकी ५४० मेगावॅट, नैसर्गिक युरेनियमवर, डिझाइन आपलं. २००६ मध्ये भारताने नागरी आणि लष्करी कार्यक्रम वेगळे करून यादी दिली तेव्हा १ आणि २ नंबर आंतरराष्ट्रीय तपासणीखालीच राहिले, ३ आणि ४ त्याबाहेर ठेवले गेले. एकाच आवारात परक्या इंधनाची वाट आणि स्वतःच्या माणसांची वाट शेजारी शेजारी उभ्या आहेत. विकत आणलेलं यंत्र लवकर चालू होतं, पण संकटात उपयोगी पडली ती ट्रेनिंग स्कूलमध्ये तयार झालेली माणसं.

हिशेब मात्र पूर्ण मांडायला हवा. ३ आणि ४ नंबरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला. देशाच्या ताकदीची किंमत दिल्लीत ठरते, पण ती देणाऱ्यांत आपल्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि शेतकरीही असतात. साडेसतरा लाखांच्या आकड्यात जसा हा खर्च नव्हता तसा तो पुढच्या कुठल्याच एस्टिमेटमध्ये सहजासहजी दिसत नाही. भाभांच्या संस्थांत उद्या आपल्यातलेच कोणीतरी ते एस्टिमेट तयार करायला बसतील. तो कॉलम रिकामा सोडू नये.